थंडीत थांबलेला मुलगा

२०१३ सालची भाऊबीज ५ नोव्हेंबरला, मंगळवारी आली होती. मी तेव्हा मिशिगनमध्ये, डेट्रॉइटच्या उत्तरेला ट्रॉय नावाच्या गावात राहत होते. चिंचवडच्या आमच्या कंपनीने वेल्डिंग फिक्स्चरच्या डिझाइनसाठी सहा महिन्यांकरता पाठवलं होतं. लक्ष्मीपूजनाच्याच दिवशी तिथली घड्याळं तासभर मागे गेली आणि घरचं अंतर साडेनऊ तासांवरून साडेदहा तासांवर गेलं. त्या एका तासाने मला फार एकटं वाटलं होतं. भाऊबिजेला सकाळी लवकर उठून लॅपटॉपसमोर निरांजन लावलं, स्काइपवर दादाला ओवाळलं. तो भोसरीच्या वर्कशॉपमधून नुकताच घरी आला होता, हाताला अजून कूलंटचा वास असणार, मला इथून आला नाही एवढंच. दरवर्षी तो मला ओवाळणी घालतो. त्या वर्षी मी म्हटलं, "दादा, आज उलटं. आज संध्याकाळी मी तुला काहीतरी ऐकवणार आहे."

त्याला कळलं होतं. तो गेले दोन महिने त्याच दिवसाची वाट बघत होता. डेट्रॉइटचा रॅपर एमिनेम, खरं नाव मार्शल मॅथर्स, याचा नवा अल्बम त्याच दिवशी बाहेर येत होता आणि अल्बमचं नाव होतं 'द मार्शल मॅथर्स एलपी २'. नावातल्या त्या दोनच्या आकड्याने जगभरच्या लोकांना तेरा वर्षं मागे नेलं होतं. आम्हाला त्याने चिंचवडच्या दोन खोल्यांच्या घरात नेलं.

पहिला 'मार्शल मॅथर्स एलपी' मे २००० मध्ये आला. आमच्या घरी तो पोहोचला पुढच्या वर्षी, कॅसेटवर. दादा तेव्हा इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला होता, मी दहावीत. सव्वाशे रुपये ही आमच्या घरात लहान रक्कम नव्हती. ती त्याने बसचा पास न काढता, चालत जाऊन जमवली होती. आमचं दोघांचं शिक्षण मराठी माध्यमातलं. त्या माणसाच्या इंग्रजीतले आम्हाला दहातले दोन शब्द कळायचे. मग दादाने दोनशेपानी वही काढली. टेप चालू करायचा, एक ओळ ऐकायची, थांबवायचा, मागे घ्यायचा, पुन्हा ऐकायचं आणि जसं कानावर पडेल तसं देवनागरीत लिहायचं. अर्थ नंतर. आधी उच्चार. जिथे दोन-तीन अक्षरं कळायची नाहीत तिथे तो टिंबं द्यायचा आणि रात्री पुन्हा ती जागा ऐकायचा. टेप इतक्या वेळा मागे-पुढे झाला की एका जागी आवाज पाण्याखालून आल्यासारखा यायला लागला, आणि पुढे कितीतरी वर्षं सीडीवर ती जागा स्वच्छ ऐकू आली की मला चुकल्यासारखं वाटायचं.

त्या वहीतली सगळ्यात जास्त पानं 'स्टॅन' या गाण्याची होती. गाणं पावणेसात मिनिटांचं आहे. एक चाहता गायकाला पत्रं लिहितो, उत्तर येत नाही, पत्रं हळूहळू रागाची आणि मग वेडाची होत जातात. शेवटचं पत्र तो टेपवर बोलतो, भरधाव गाडी चालवत, डिकीत त्याची गरोदर मैत्रीण कोंडलेली. सगळं संपल्यावर गायकाचं उत्तर येतं, मायेने लिहिलेलं, पण उशिरा. हे सगळं ज्याला आठवतं त्याला बहुतेक वेळा स्टॅनच आठवतो. मला आठवतो त्याचा धाकटा भाऊ. एका पत्रात त्याचा उल्लेख येतो: मॅथ्यू, वय वर्षं सहा. कार्यक्रम संपल्यावर दोघं भाऊ बाहेर कडाक्याच्या थंडीत चार तास सहीसाठी उभे राहिले आणि सही मिळाली नाही. शेवटच्या उत्तरात गायक आठवणीने त्या लहानग्यासाठी टोपीवर सही करून पाठवतो. ती टोपी त्याच्यापर्यंत पोहोचली का, हे गाणं सांगत नाही. दहावीच्या वयात मी दादाला विचारलं होतं, "मग त्या छोट्याचं काय झालं?" दादा म्हणाला, "गाण्यात नाहीये ते." मला ते पटलं नव्हतं. ज्याचा मोठा भाऊ असा गेला, तो मुलगा उद्या सकाळी उठेल ना? शाळेत जाईल ना?

तेरा वर्षांनी उत्तर आलं.

मंगळवारी कामावरून येताना एका मोठ्या दुकानातून मी सीडी घेतली. मुखपृष्ठ बघून पार्किंगमध्येच थांबले. पहिल्या अल्बमच्या मुखपृष्ठावर डेट्रॉइटच्या ड्रेस्डेन स्ट्रीटवरचं घर होतं, ज्या घरात तो वाढत्या वयात राहिला, आणि त्याच्या पायऱ्यांवर तो बसलेला. दुसऱ्यावर तेच घर, तशाच जागेवरून टिपलेलं. खिडक्यांना फळ्या ठोकलेल्या. पायऱ्यांवर कुणी नाही. त्याच वर्षी जुलैमध्ये डेट्रॉइट शहराने अधिकृतपणे दिवाळं काढलं होतं आणि अशी फळ्या ठोकलेली घरं मी येता-जाता रोज बघत होते, गल्लीच्या गल्ली. त्यामुळे ते चित्र मला कुणी कल्पनेने रचलेलं वाटलं नाही. रोजच्या रस्त्यावरचं होतं ते.

आमच्याकडे संध्याकाळ, दादाकडे बुधवारची सकाळ. स्पीकरसमोर लॅपटॉप ठेवला आणि पहिलं गाणं लावलं: 'बॅड गाय'. सात मिनिटांहून मोठं. सुरुवातीला वाटतं, प्रेमात फसलेला कुणी आपल्या जुन्या माणसावर चिडून बोलतोय. बोलता बोलता तो कुणाचा तरी पाठलाग करायला लागतो, त्याला पकडतो, गाडीच्या डिकीत टाकतो. डिकी म्हटल्यावर मी सरळ होऊन बसले. आणि मग नाव येतं: मॅथ्यू मिचेल. तो सहा वर्षांचा मुलगा मोठा झाला होता. आता डिकीत गायक स्वतः होता. मॅथ्यू मिचेल आणि मार्शल मॅथर्स, दोघांच्या नावांची आद्याक्षरं एकच, हेही गाण्यातच येतं. शेवटी आवाज बदलतो आणि बोलणारा मॅथ्यूही राहत नाही. ज्यांची ज्यांची त्या गायकाने आजवर टर उडवली त्या सगळ्यांच्या वतीने, त्याचंच कर्म त्याच्याशी बोलायला लागतं.

स्काइपवर दादा बराच वेळ काही बोलला नाही. मला वाटलं लाइन गेली. मग म्हणाला, "तू विचारलं होतंस." एवढंच.

त्या आठवड्यात मी जेवढं मिळेल तेवढं वाचलं, अमेरिकन वर्तमानपत्रांतलं, संगीताच्या मासिकांतलं. समीक्षकांचं मत दुभंगलेलं होतं. 'रोलिंग स्टोन'ने पाचपैकी चार तारे दिले. बाकीच्यांची सरासरी काढली तर शंभरात सत्तरीच्या आसपास, म्हणजे पहिल्या भागापेक्षा थोडी खाली. शब्दांवरची हुकूमत जवळजवळ सगळ्यांनी मान्य केली होती. तक्रारी तीन-चारच होत्या, पण त्या पुन्हा पुन्हा येत होत्या. पहिल्या भागाचं संगीत मोकळं होतं, निर्माता डॉक्टर ड्रेच्या बेसवर आवाजाला भरपूर जागा होती. इथे दुसरा निर्माता रिक रुबिन याने जुन्या रॉक गाण्यांचे तुकडे घेतले होते, बिली स्क्वायर, जो वॉल्श, झोंबीज, आणि काहींना ते जडजड वाटत होतं. पूर्वी त्याचा आवाज नाकातून यायचा, त्यात खोडकरपणा होता. आता तो सतत ओरडतो. ध्रुपदं लोकप्रिय गायकांकडून गाऊन घेतलीत, ती रेडिओसाठी आहेत. आणि सगळ्यात गंभीर तक्रार: सत्तावीस वर्षांचा तरुण ज्या शिव्या देत होता, समलिंगी लोकांना आणि बायकांना, त्याच शिव्या एक्केचाळीस वर्षांचा, मुलींचा बाप असलेला माणूस अजून का देतोय?

ऐकणाऱ्यांचं म्हणणं वेगळं होतं. पहिल्या आठवड्यात अमेरिकेत ७ लाख ९२ हजार प्रती खपल्या. पहिल्या भागाच्या १७ लाख ६० हजारांपुढे हा आकडा लहान दिसतो, पण २०१३ मध्ये सीडी घेतंच कोण होतं! त्या वर्षी याहून मोठी सुरुवात एकट्या जस्टिन टिंबरलेकच्या अल्बमला मिळाली. गायिका रिहानाबरोबरचं 'द मॉन्स्टर' बिलबोर्ड या अमेरिकन मासिकाच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिलं आलं, आणि फेब्रुवारी २०१५ मध्ये अल्बमला सर्वोत्तम रॅप अल्बमचं ग्रॅमी मिळालं. पहिल्या भागालाही तेच मिळालं होतं. तेव्हा वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचं नामांकनही होतं, पण ते पारितोषिक स्टीली डॅन या बँडकडे गेलं. त्या रात्री सभागृहाबाहेर समलिंगींच्या हक्कांसाठी लढणारे लोक निषेध करत होते आणि आत एमिनेम स्वतः समलिंगी असलेल्या गायक एल्टन जॉनबरोबर 'स्टॅन' गात होता.

दादाचं मत मात्र 'रॅप गॉड'वर अडकलं होतं. ६ मिनिटं ४ सेकंदांत १,५६० शब्द, गिनीज बुकात नोंद झालेलं गाणं. दादाने स्टॉपवॉच घेऊन त्यातला सगळ्यात जलद तुकडा मोजला होता. पंधरा सेकंदांत शंभराच्या जवळपास शब्द. "हे बघ, एकही शब्द तुटत नाहीये," तो म्हणायचा, जसा तो पाच मायक्रॉनच्या अचूकतेत बसलेल्या जॉबबद्दल बोलतो तसाच. आमच्या शेजारचे एक काका वीस-पंचवीस वर्षं तबला शिकवत. दादाने त्यांनाही ते ऐकवलं. काकांनी डोळे मिटून पूर्ण ऐकलं आणि म्हणाले, "रेला छान वाजवलाय. पण रेल्याच्या आधी थोडं थांबायला हवं होतं, म्हणजे तो उठला असता." रेला म्हणजे तबल्यावर जलद लयीत अखंड वाजणारे बोल. मी वाचलेल्या सगळ्या परीक्षणांत मला हे एक वाक्य सर्वात नेमकं वाटतं. पहिल्या भागात तो थांबायचा. 'स्टॅन'मध्ये पावसाचा आवाज आहे, पेन्सिल कागदावर घासल्याचा आवाज आहे, डायडो या गायिकेचा हळू आवाज पुन्हा पुन्हा येतो. तिथे शब्दांना श्वास होता.

त्या जलद तुकड्याबद्दल एक गोष्ट मला आवर्जून सांगायची आहे, कारण ती फार कमी लोकांना ठाऊक असते. त्यामागे जे. जे. फॅड या गटाचं १९८८ मधलं 'सुपरसॉनिक' आहे. हा तीन मुलींचा गट. म्हणजे जगातला सर्वात वेगवान म्हणून मिरवलेला तो तुकडा बायकांच्या एका जुन्या गाण्याला दिलेली दाद आहे. दादाला हे सांगितलं तेव्हा त्याने ते गाणं शोधून काढलं आणि महिनाभर वर्कशॉपमध्ये तेच लावून ठेवलं.

बाई म्हणून हा अल्बम ऐकताना मला त्रास झाला, आणि तो मी लपवणार नाही. पहिल्या भागातलं 'किम' मी पुढे हॉस्टेलवर एका मैत्रिणीच्या सीडीवर ऐकलं. त्यात तो बायकोचा खून करतो, तिच्याच नावाने, तिच्याच आवाजाची नक्कल करत. आम्ही दोघींनी ते मध्येच बंद केलं होतं आणि बराच वेळ खोलीतला दिवा लावून बसलो होतो. 'बॅड गाय' ऐकून मला वाटलं होतं की आता हिशोब चुकता होणार. ज्यांची टर उडवली त्यांच्या वतीने कर्म बोललंय, आता तो गप्प बसून ऐकेल. पण चौथ्याच गाण्यात, 'सो मच बेटर'मध्ये, तो पुन्हा एका बाईच्या मरणाची इच्छा करतो. समीक्षकांनी याला सातत्याचा अभाव म्हटलं. मला ते त्याहून दुखलं. एखादा माणूस दारात येऊन माफी मागतो आणि जिना उतरता उतरता त्याच शिव्या पुन्हा देतो, तसं. मॅथ्यूसाठी तो मागे वळला, किमसाठी वळला नाही. हा या अल्बमचा मला दिसलेला खरा दोष आहे, आणि तो बेसचा किंवा ध्रुपदाचा नाही.

टूलरूममध्ये माझ्याबरोबर डेट्रॉइटमध्येच जन्मलेला, पन्नाशीचा एक कृष्णवर्णीय सहकारी होता. जेवणाच्या सुट्टीत मी त्याला विचारलं तेव्हा त्याने आधी मला दुरुस्त केलं. हे शहर एका माणसाचं नाही, म्हणाला. मग त्याने जे डिलाबद्दल सांगितलं, ज्याच्या ठेक्यांवर कितीतरी लोक उभे राहिले आणि जो २००६ मध्ये बत्तिसाव्या वर्षी गेला. सेव्हन माइल रोडवरच्या हिप हॉप शॉपबद्दल सांगितलं. ते कपड्यांचं दुकान होतं आणि नव्वदीच्या दशकात शनिवारी तिथे रॅपचे सामने रंगायचे. समोरासमोर उभं राहून, जागच्या जागी शब्द जुळवून, एकाने टाकायचं आणि दुसऱ्याने उचलायचं. ऐकताना मला आजोबांनी सांगितलेले कलगी-तुऱ्याचे फड आठवले, रात्ररात्र चाललेले सवाल-जवाब. त्या दुकानात हे सगळं चालवणारा होता प्रूफ, एमिनेमचा जिवलग मित्र. एप्रिल २००६ मध्ये एट माइल रोडवरच्या एका क्लबात तो गोळी लागून मेला. माझ्या सहकाऱ्याचं दुसऱ्या भागाबद्दलचं मत अगदी साधं होतं. पहिल्यात एका गाण्यात त्याच्या गल्लीतली सगळी पोरं होती, या वेळी गल्लीतलं कुणी नाही, सगळे नामवंत पाहुणे. "घराचा फोटो आहे, घरातली माणसं नाहीत," असं काहीसं तो म्हणाला आणि डबा बंद केला.

हे मत मी कितीतरी दिवस डोक्यात घेऊन फिरत होते. रॅपमध्ये दुसऱ्या भागाची परंपरा जुनी आहे आणि तिचे अनुभवही सगळ्या तऱ्हेचे. जे-झीचा 'ब्लूप्रिंट' २००१ चा, नेटका. पुढच्याच वर्षी त्याने दुसरा भाग काढला तो दोन डिस्कचा, पंचवीस गाण्यांचा, आणि तो इतका पसरला की २००३ मध्ये त्याने स्वतःच गाणी कमी करून तो पुन्हा काढला. उलट रेकवॉनने १९९५ नंतर थेट २००९ मध्ये दुसरा भाग आणला आणि ऐकणारे आणि समीक्षक दोघंही खूश झाले. त्याने जुन्याच साथीदारांना हाताशी धरून गोष्ट पुढे नेली होती. खुद्द एमिनेमने अल्बम येण्याआधीच सांगितलं होतं की प्रत्येक जुन्या गाण्याचा पुढचा भाग इथे शोधू नका, त्याला त्या काळाच्या वातावरणाकडे जायचं होतं. पण नावात दोन टाकलं की लोक मोजायला लागतात. दोन्ही अल्बम शेजारी ठेवून एकेक गाणं तोलणारे त्या आठवड्यात मला सगळीकडे भेटले. मी तसं करू शकले नाही. पहिला भाग मी दहावीत ऐकला होता, पाण्याखालच्या आवाजासकट. त्याच्याशी कुणाची बरोबरी होणार?

७ नोव्हेंबरला, अल्बम येऊन दोन दिवस होतात तोच, ड्रेस्डेन स्ट्रीटवरच्या त्या घराला आग लागली. स्थानिक बातम्यांत रात्री दाखवलं. महिना संपायच्या आत ते पाडून टाकलं. डिसेंबरच्या एका रविवारी मी त्याच सहकाऱ्याबरोबर तिथे गेले. एट माइल रोडच्या थोडं दक्षिणेला ती गल्ली आहे. घराच्या जागी बर्फ होता, सपाट, आजूबाजूच्या बर्फापेक्षा किंचित खाली बसलेला. कुणीतरी आधी येऊन गेलं होतं. बुटांचे ठसे रस्त्यापासून मध्यापर्यंत गेले होते, जिथे पायऱ्या असतील तिथे थांबून तसेच परत आले होते. मी गाडीतून उतरले, पण त्या ठशांवर पाय ठेवायला धजावले नाही. थंडी अशी होती की मिनिटभरात कानशिलं बधिर झाली. चार तास, मला आठवलं. सहा वर्षांचं पोर.

पुढे २०१६ मध्ये त्या घराच्या सातशे विटा चाहत्यांना विकल्या गेल्या, आणि त्याच वेळी पहिला अल्बम पुन्हा कॅसेटवर निघाला. 'स्टॅन' हा शब्द तर ऑक्सफर्डच्या शब्दकोशात गेला, वेड्यासारखं प्रेम करणारा चाहता या अर्थाने. आमच्या पुण्यातल्या ताडीवाला रोडच्या मुलानेही रॅप करताना नाव घेतलं ते एमसी स्टॅन. दादाचा मुलगा त्याची गाणी ऐकतो. तो शब्द एका गाण्यातल्या मेलेल्या माणसाचं नाव होतं, हे त्याला दादाने वही दाखवून सांगितलं.

वहीबद्दलच खरं तर लिहायचं होतं.

अल्बमचं पंधरावं गाणं 'हेडलाइट्स'. एमिनेमने आयुष्यभर आईला गाण्यांतून फोडून काढलं. पहिल्याच मोठ्या अल्बमनंतर, १९९९ मध्ये, तिने त्याच्यावर अब्रुनुकसानीचा दावा लावला होता. २००२ मध्ये त्याने तिच्यावर जे गाणं केलं त्याहून कडू काही मी मुलाच्या तोंडून ऐकलेलं नाही. 'हेडलाइट्स'मध्ये तो तिची माफी मागतो. ते जुनं गाणं आता कार्यक्रमांत गात नाही, रेडिओवर लागलं तर अंग चोरून घेतो असं सांगतो. बाप निघून गेला तेव्हा तू होतीस, हे मान्य करतो. भेटायला जाईन असंही म्हणत नाही. लांबूनच, पण प्रेम आहे, एवढंच. चित्रपट दिग्दर्शक स्पाइक लीने त्याचा व्हिडिओ केला, तो २०१४ च्या मदर्स डेला आला, आणि त्यात आपण बहुतेक वेळ आईच्या डोळ्यांनी बघतो. मुलगा दारात येतो, मिठी मारतो, जातो. ज्या समीक्षकांनी बाकी अल्बमला झोडपलं त्यांतल्या अनेकांचा हात या गाण्यापाशी हलका झाला. मी त्यांच्याशी सहमत आहे. मॅथ्यूसारखीच आई पहिल्या भागात कडेला उभी होती. तिच्याकडे तो वळला, तेही पुरता वळला.

त्या बुधवारी सकाळी, त्याच्या सकाळी, दादाने हे गाणं स्काइपवर ऐकलं आणि कामावर जायचंय म्हणून बंद केलं. मला कारण माहीत होतं. दुसऱ्या वर्षाला असताना त्याने इंजिनिअरिंग सोडलं. फीसाठी आईने पाटल्या गहाण ठेवल्या होत्या, त्या सुटल्या नाहीत. मावशीच्या घरच्या लग्नात कुणीतरी विषय काढला आणि दादा सगळ्यांसमोर आईला म्हणाला, "तूच माझं वाटोळं केलंस." आई ताटं वाढत होती. तिने वाढप थांबवलं नाही. त्यानंतर दोघं एकाच घरात राहत होते, चहा झाला का, गोळी घेतली का, लाइटबिल भरलं का, एवढं रोज बोलत होते, आणि नऊ वर्षांत त्या वाक्याबद्दल एक अक्षर कुणी काढलं नव्हतं. मी एकदा दादाजवळ काढलं तर तो उठून गेला होता.

मार्च २०१४ मध्ये मी परत आले. सीडी बॅगेतून काढून त्याला दिली, त्याने मुखपृष्ठावरून अंगठा फिरवला, रिकाम्या पायऱ्यांवरून, आणि टीव्हीच्या कपाटात नीट उभी ठेवली. दोन दिवसांनी पाडवा होता म्हणून आईबरोबर माळा आवरायला चढले. गंजलेल्या पत्र्याच्या पेटीच्या वर ती दोनशेपानी वही होती. पेटीत असायला हवी होती, ती वर होती, आणि तिच्यावर धूळ नव्हती. उघडली. 'स्टॅन'ची पानं, टिंबं, खोडलेले उच्चार, सगळं तसंच. शेवटी कोरी राहिलेली पानं भरलेली होती. निळ्या पेनने, ताज्या शाईत, देवनागरीत 'हेडलाइट्स'. फोनवर शब्द सहज मिळतात, तरी त्याने ऐकून, थांबवून, लिहून काढले होते. डाव्या पानावर उच्चार आणि उजव्या पानावर मराठी. मराठी पाच-सहा ओळींपर्यंत नीट आलं होतं. मग एक ओळ तीनदा लिहून तीनदा खोडली होती. पुढे उजवं पान कोरं.

आई खाली शिडी धरून उभी होती. मी वही तिच्यापासून लपवावी की नाही, या विचारात होते. तिने वर न बघताच विचारलं, "वहीच आहे ना? दे इकडे, पुसून ठेवते."

तिने पदराने पुठ्ठा पुसला. उघडली नाही. म्हणाली, "जानेवारीत काढली होती त्याने. रोज रात्री बसायचा." मग थोडं थांबून, "अक्षर अजून तसंच आहे त्याचं. 'ळ' सुधारला नाही."

आणि वही पेटीत न टाकता तिने ती देवघराच्या खालच्या फळीवर, पंचांगाशेजारी ठेवली.